मजल ते पल्ला : पनवेल–बोरघाट मार्गाच्या इतिहासातून विद्युत दुचाकीच्या दीर्घ प्रवासाचा विचार

प्रस्तावना :

मराठी भाषेत प्रवासाचे अंतर मोजण्यासाठी कोस, मैल व किलोमीटर ही परिमाणे वेगवेगळ्या काळात रूढ झाली. तथापि प्रवाशाच्या दृष्टीने दीर्घकाळ खरे परिमाण होते ते 'मजल' हे. एका दिवसात कापता येईल ते अंतर आणि त्या अंतराच्या शेवटी असणारा मुक्काम, असे दोन्ही अर्थ या एकाच शब्दात सामावलेले आहेत. विद्युत दुचाकीच्या संदर्भात आज प्रचलित असलेला 'पल्ला' हा शब्द मात्र केवळ अंतर सांगतो. बॅटरी एकदा पूर्ण भरल्यावर वाहन किती किलोमीटर जाईल, एवढाच प्रश्न ग्राहक विचारतो आणि तेवढेच उत्तर उत्पादक देतो. मुक्कामाचा विचार त्यात येत नाही.

पल्ल्याविषयीची ही धास्ती नव्या तंत्रज्ञानाने निर्माण केली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ऐतिहासिकदृष्ट्या हे मत टिकत नाही. बैल, घोडा, वाफेचे इंजिन व पेट्रोलवरील मोटार या प्रत्येक साधनाला स्वतःची मर्यादा होती. ती मर्यादा कोणत्या व्यवस्थेने ओलांडली गेली, हे पाहण्यासाठी पनवेल–बोरघाट–पुणे या मार्गाइतका उपयुक्त मार्ग महाराष्ट्रात क्वचितच आढळेल. समुद्रसपाटीलगतच्या पनवेलपासून सुमारे ६०० मीटर उंचीवरील लोणावळ्यापर्यंत चढणाऱ्या या वाटेवर गेल्या अडीच शतकांत वाहतुकीच्या जवळजवळ प्रत्येक साधनाची परीक्षा झालेली आहे.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती :

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे दोन आहेत. पनवेल–बोरघाट मार्गावरील वाहतूक-साधनांनी आपल्या मर्यादेवर कसा मार्ग काढला याचा आढावा घेणे, हे पहिले. त्या आढाव्याच्या प्रकाशात विद्युत दुचाकीच्या दीर्घ प्रवासाचा प्रश्न तपासणे, हे दुसरे. त्यासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून आवश्यक तेथे साध्या भौतिक गणिताचा आधार घेण्यात आला आहे. एखाद्या वाहनाचा पल्ला हा केवळ त्या वाहनाचा गुण नसून वाहन, रस्ता आणि रस्त्यावरील सोयी यांचा एकत्रित परिणाम असतो, हे येथील गृहीतक आहे.

शिधा बरोबर नेणारी फौज (१७७८–७९) :

पनवेल हे खाडीवरील बंदर. रेल्वेपूर्व काळात मुंबईहून पुण्यास जाणारा प्रवासी बहुधा होडीने पनवेलला उतरे आणि तेथून खुष्कीने बोरघाट चढे. पहिल्या इंग्रज–मराठा युद्धात रघुनाथरावांना पेशवेपदावर बसविण्यासाठी मुंबईकर इंग्रजांची फौज नोव्हेंबर १७७८ मध्ये याच मार्गाने निघाली व पनवेलला उतरली. सैनिकांची संख्या सुमारे ३,९०० होती. त्यांच्या सामानासाठी मात्र सुमारे १९,००० बैल होते, असे ग्रँट डफने नोंदविले आहे. घाटमाथ्यापासून कार्ल्यापर्यंतचे जेमतेम काही मैलांचे अंतर कापण्यास या फौजेला दहा-बारा दिवस लागले. कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट, म्हणजेच मराठी परंपरेतील 'इष्टुर फाकडा', मारला गेला. फौज ९ जानेवारी १७७९ रोजी तळेगावला पोहोचली तेव्हा मराठ्यांनी गाव जाळून टाकले होते. दाणावैरण मिळण्याची आशा मावळली. माघारीच्या वाटेवर वडगाव येथे इंग्रजांना नामुष्कीचा तह करावा लागला.

या पराभवाची लष्करी व राजकीय कारणे इतिहासकारांनी सविस्तर चर्चिली आहेत. वाहतुकीच्या इतिहासाच्या दृष्टीने त्यातील एक बाब महत्त्वाची ठरते. वाटेत काही मिळणार नाही, या भीतीने फौजेने सर्व काही बरोबर घेतले. बैलांची संख्या वाढली तशी त्यांच्या चाऱ्याची गरजही वाढली. बरोबर घेतलेला साठाच गतीला अडसर झाला. मराठ्यांनी नेमके हेच हेरले आणि फौजेशी समोरासमोर भिडण्याआधी तिच्या मुक्कामांतील आधार काढून घेतला.

विद्युत वाहनाची रचना करणाऱ्या अभियंत्यापुढे हाच पेच वेगळ्या रूपात उभा असतो. पल्ला वाढविण्यासाठी मोठी बॅटरी बसवावी तर वाहनाचे वजन व किंमत वाढते आणि वाढलेले वजन चढावर ओढून नेण्यासाठी पुन्हा अधिक ऊर्जा लागते. शिसे-आम्ल बॅटरीत दर किलोग्रॅम वजनामागे सुमारे ३० ते ४० वॅट-तास ऊर्जा साठते. १९९१ मध्ये सोनी कंपनीने बाजारात आणलेल्या लिथियम-आयन प्रकारात पुढे झालेल्या सुधारणांमुळे हे प्रमाण घटपातळीवर १५० ते २५० वॅट-तासांपर्यंत गेले. ही प्रगती मोठी आहे, पण तिने पेच सौम्य झाला, संपला नाही.

डाकचौकी आणि घोड्यांची बदली :

मार्गावरील सोयींचा विचार मराठेशाहीतही होताच. घाटाच्या पायथ्याशी खोपोली येथे नाना फडणवीसांनी बांधविलेले महादेवाचे मंदिर व विस्तीर्ण तलाव हे त्याचे ठळक उदाहरण होय. चढ सुरू होण्यापूर्वी माणसांना व जनावरांना पाणी आणि विसावा मिळावा, अशीच ही जागा आहे. घाटातील शिंग्रोबाचे मंदिरही याच संदर्भात लक्षात घेण्यासारखे आहे. इंग्रजांना घाटाची वाट दाखविणाऱ्या धनगराची स्मृती लोकपरंपरेने तेथे जपली आहे.

मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत १० नोव्हेंबर १८३० रोजी बोरघाटातील गाडीरस्ता खुला झाला. त्यानंतर चाकांची वाहतूक वाढली. पनवेल हे मुंबईचे बंदर आणि दख्खनची बाजारपेठ यांना जोडणारे गाडीतळाचे गाव बनले. १८५२ मध्ये येथे नगरपालिका स्थापन झाली, यावरूनही त्या काळातील गावाचे महत्त्व ध्यानात येते. १८५० च्या सुमारास पनवेल–पुणे मार्गावर टपालगाडी सुरू झाली आणि रेल्वे येईपर्यंत सुखाच्या व जलद प्रवासासाठी हा मार्ग नावाजलेला होता.

टपालगाडीच्या वेगाचे रहस्य घोड्याच्या ताकदीत नव्हते. एक घोडा दौडत पनवेलहून पुण्यास जाऊ शकत नाही. दर काही मैलांवर ताजे घोडे तयार ठेवलेले असत आणि दमलेल्या घोड्यांच्या जागी ते जुंपले जात. घोड्याची मर्यादा कायम राहूनही गाडीची मर्यादा संपली. त्यासाठी चौकी, तबेला, चारा, मोतद्दार आणि या सर्वांचा खर्च उचलणारा ठेकेदार आवश्यक होता.

बॅटरी-बदलीची आजची कल्पना तत्त्वतः याहून निराळी नाही. तैवानमध्ये गोगोरो कंपनीने २०१५ पासून विद्युत स्कूटरसाठी ही पद्धत मोठ्या प्रमाणावर रुजविली. भारतात नीती आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये बॅटरी-बदली धोरणाचा मसुदा प्रसिद्ध केला. पण टपालाचा कोणताही घोडा टपालाच्या कोणत्याही गाडीला जुंपता येत असे. एका कंपनीची बॅटरी सहसा दुसऱ्या कंपनीच्या दुचाकीत बसत नाही. चार्जिंगच्या जोडणीबाबतही बराच काळ हीच स्थिती होती. भारतीय मानक ब्यूरोने २०२३ मध्ये हलक्या विद्युत वाहनांसाठी देशी जोडणीचे मानक जाहीर केले. तथापि सर्व उत्पादकांनी एकच मानक स्वीकारल्याशिवाय चौकीचा लाभ प्रत्येक प्रवाशाला मिळू शकणार नाही.

लोहमार्ग : जोड इंजिन आणि विजेची तार :

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत व १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे असा दोन बाजूंनी पूर्ण झाला. मधला घाट मात्र १८६३ पर्यंत बाकी होता. या काळात मुंबईचा प्रवासी रेल्वेने घाटाच्या पायथ्याशी येई, घाट पालखीने, तट्टावरून अथवा पायी चढे आणि वर पुन्हा रेल्वेत बसे. एकूण अंतराच्या मानाने घाटाचा तुकडा लहान होता, पण सारा प्रवास त्याच्यावर अडून राहत होता.

घाटातील लोहमार्गाचा कमाल चढ ३७ फुटांस १ फूट इतका तीव्र आहे. त्यावर काढलेली युक्ती आजही पाहावयास मिळते. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना कर्जत येथे जोड इंजिने लावून घाट चढविण्याची पद्धत आहे. संपूर्ण प्रवासभर अधिक शक्तीचे ओझे न वाहता जेथे गरज आहे तेथेच ती पुरवावयाची, हे त्यामागील तत्त्व होय.

१९२९ मध्ये कल्याण–पुणे मार्गाचे विद्युतीकरण झाले आणि १ जून १९३० रोजी 'डेक्कन क्वीन' धावू लागली. विद्युत इंजिनाने पल्ल्याचा प्रश्नच निकालात काढला, कारण त्याला आपली ऊर्जा बरोबर न्यावी लागत नाही. शिवाय घाट उतरताना ब्रेकद्वारे निर्माण होणारी वीज तारेत परत देण्याची सोय या मार्गावरील विद्युत इंजिनांमध्ये होती. उतरणाऱ्या गाडीची ऊर्जा चढणाऱ्या गाडीच्या उपयोगी पडे. विद्युत दुचाकीतही उतारावर बॅटरी काही प्रमाणात भरते. पण तेथे तार नसल्याने ही ऊर्जा साठविण्यास स्वतःच्या बॅटरीखेरीज दुसरी जागा नाही. लोणावळ्यास बॅटरी काठोकाठ भरून लगेच घाट उतरणाऱ्या चालकाला या सोयीचा लाभ म्हणूनच मिळत नाही.

घाटाची वीज व घाटाचा चढ :

बोरघाट हे महाराष्ट्रातील जलविद्युतनिर्मितीचेही एक आद्यस्थान आहे. टाटा उद्योगसमूहाने घाटमाथ्यावरील लोणावळा, वळवण व शिरवटा येथील जलाशयांचे पाणी सुमारे ५०० मीटर खाली आणून १९१५ मध्ये खोपोली येथे जलविद्युत केंद्र सुरू केले. ती वीज प्रामुख्याने मुंबईच्या गिरण्यांना पुरविली गेली. भिवपुरी (१९२२) व भिरा (१९२७) येथील केंद्रे त्यानंतरची.

ज्या उंचीवरून पाणी पडून वीज होते, जवळपास तीच उंची दुचाकीला चढावयाची असते. म्हणून या दोहोंचा हिशेब एकत्र मांडता येतो. दुचाकी ११५ किलोग्रॅम व चालक ७५ किलोग्रॅम, असे एकूण १९० किलोग्रॅम वजन ६०० मीटर वर नेण्यास सुमारे ०.३१ युनिट (किलोवॅट-तास) ऊर्जा लागते. मोटार व बॅटरीतील घट धरून हा खर्च सुमारे ०.३९ युनिट होतो. मागे सहप्रवासी व सामान असून एकूण वजन २७० किलोग्रॅम झाल्यास तो ०.५५ युनिटच्या आसपास जातो. दुसऱ्या बाजूस, एक घनमीटर पाणी ५०० मीटर खाली आल्यास घट वजा जाता सुमारे १ युनिट वीज मिळते. एक हजार लिटर पाण्याची घसरण एकट्या चालकास दोनदा घाट चढवून नेण्यास पुरेशी आहे. ऊर्जेचा तुटवडा ही या प्रश्नातील मूळ अडचण नाही, एवढे यावरून स्पष्ट व्हावे.

सपाट रस्त्यावर मध्यम वेगाने किलोमीटरला ३० वॅट-तास खर्च गृहीत धरल्यास ३ युनिटची बॅटरी १०० किलोमीटर पुरेल. या मापाने घाटाचा चढ एकट्या चालकास सुमारे १३ व दोघांना सुमारे १८ जादा किलोमीटरांएवढा पडतो. जुन्या रस्त्याने पनवेल ते लोणावळा हे अंतर सुमारे ५२ किलोमीटर व लोणावळा ते पुणे सुमारे ६४ किलोमीटर आहे. चढाचा भार मिळविल्यावर पहिला टप्पा सुमारे ६५ किलोमीटरांइतका होतो. म्हणजे नकाशावर असमान दिसणारे हे दोन टप्पे ऊर्जेच्या हिशेबात जवळजवळ सारखे आहेत. बॅटरीचा शेवटचा पाचवा हिस्सा भरण्यास अधिक वेळ लागतो आणि तळाचा दहावा हिस्सा राखून ठेवणे शहाणपणाचे असते. अशा रीतीने १०० किलोमीटरांच्या पल्ल्यातील सुमारे ७० किलोमीटर दीर्घ प्रवासात सुखाने वापरता येतात. जुन्या प्रवाशाला घाट चढून जेथे थांबावे लागे, तेथेच नव्या प्रवाशाचीही मजल संपते.

वेगाचा परिणाम चढाहूनही अधिक असतो. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो; ताशी ४० किलोमीटरऐवजी ६० किलोमीटर वेग ठेवल्यास तो सव्वादोन पट होतो. समोरून वारा असेल तर खर्च आणखी वाढतो. प्रयोगशाळेत ठरावीक चालनचक्रावर मोजलेला प्रमाणित पल्ला आणि महामार्गावरील पल्ला यांत तफावत पडते ती मुख्यतः यामुळे.

पेट्रोलशी तुलना :

पेट्रोलच्या दुचाकीस ही चिंता का नाही, असा प्रश्न उपस्थित होतो. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिट ऊर्जा असते. ५ लिटरच्या टाकीत ३ युनिटच्या बॅटरीपेक्षा सुमारे १५ पट ऊर्जा मावते. परंतु पेट्रोलचे इंजिन त्यातील बहुतांश उष्णतेत गमावते. लिटरला ४५ ते ५० किलोमीटर धरल्यास ते दर किलोमीटरला विद्युत मोटारीच्या सुमारे सहापट ऊर्जा वापरते. परिणामी प्रत्यक्ष पल्ला सव्वादोन ते अडीच पटच ठरतो. पेट्रोलच्या वाहनाची खरी बाजू टाकीच्या आकारात नाही. गावोगावच्या पंपांत आणि दोन मिनिटांत टाकी भरण्यात आहे.

हे पंप वाहनाबरोबर जन्मले नव्हते. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ हिने जर्मनीतील मानहाइम ते फोर्झहाइम हा सुमारे १०६ किलोमीटरांचा मोटार-प्रवास केला, तेव्हा वाटेत इंधन मिळाले ते विस्लोख गावच्या औषधाच्या दुकानात. चढावर तिच्या मुलांनी गाडी ढकलली. हे अंतर पनवेल–पुणे अंतराच्या जवळपासचे आहे. पेट्रोलच्या मोटारीचा पहिला दीर्घ प्रवासही इंधन आणि चढ या दोनच गोष्टींशी झगडत पार पडला.

विद्युत दुचाकी व शासनव्यवहार :

महाराष्ट्रातील दुचाकी उद्योगाचे केंद्र याच मार्गाच्या दुसऱ्या टोकाला, पुणे परिसरात आहे. बजाज ऑटोने ऑक्टोबर २०१९ मध्ये विद्युत 'चेतक' सादर केली आणि दिल्लीहून पुण्यापर्यंत सुमारे ३,००० किलोमीटरांची यात्रा या स्कूटरवरून काढली. जानेवारी २०२० मध्ये विक्रीस आलेल्या या स्कूटरचा काटकसरीच्या चालनातील पल्ला ९५ किलोमीटर सांगण्यात आला होता. ९५ किलोमीटरांच्या वाहनाने ३,००० किलोमीटर जाणे शक्य झाले, कारण मुक्कामांची आखणी झालेली होती. एकट्या प्रवाशामागे अशी यंत्रणा नसते.

केंद्र शासनाच्या २०१९ च्या फेम-२ योजनेत अनुदानास पात्र दुचाकीसाठी किमान ८० किलोमीटर पल्ल्याची अट होती. शहरातील ये-जा डोळ्यांसमोर ठेवून घातलेली ही अट योग्यच म्हणावी लागेल. पण पनवेल–पुणे प्रवासास ती अपुरी पडते. महाराष्ट्र शासनाच्या २०२१ च्या धोरणात मुंबई–पुणे महामार्गासह चार महामार्ग विद्युत वाहनांसाठी सज्ज करण्याचे उद्दिष्ट मांडले गेले. एप्रिल २०२५ मध्ये मंजूर झालेल्या धोरणात राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय अभिप्रेत आहे. तसेच मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग व अटल सेतू येथे विद्युत चारचाकी व बसगाड्यांना टोलमाफीची तरतूद आहे.

येथे एक विसंगती नजरेत भरते. २००२ मध्ये पूर्ण झालेल्या द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदी आहे. जानेवारी २०२४ मध्ये खुल्या झालेल्या अटल सेतूवरही ती आहे. सर्वांत अल्प पल्ल्याचे व सर्वांत अधिक कुटुंबांना परवडणारे विद्युत वाहन पनवेल, खोपोली, खंडाळा या जुन्याच रस्त्याने जाते. द्रुतगती मार्गावरील चार्जिंग केंद्र त्याच्या उपयोगाचे नाही. धोरणातील 'मुंबई–पुणे' या शब्दांचा अर्थ केवळ द्रुतगती मार्ग असा घेतला गेला, तर कामगार, विद्यार्थी व फिरत्या व्यावसायिकांचे वाहन सोयींच्या नकाशाबाहेर राहील. खाडीचे बंदर मागे पडून रेल्वे पुढे आली, तेव्हा पनवेलच्या गाडीरस्त्यानेही असाच अनुभव घेतला होता.

निष्कर्ष :

१. पल्ल्याची मर्यादा ही विद्युत दुचाकीची खास उणीव नसून बोरघाट मार्गावरील प्रत्येक साधनाला ती होती.

२. या मर्यादेवर चार उपाय योजले गेले : साठा बरोबर नेणे, वाहक बदलणे, चढापुरती शक्ती जोडणे आणि बाहेरून अखंड पुरवठा करणे. यांपैकी केवळ साठ्यावर विसंबण्याचा उपाय १७७९ मध्ये सर्वांत अयशस्वी ठरला. उरलेले तीनही उपाय मार्गावरील कायमस्वरूपी व्यवस्थेमुळे यशस्वी झाले.

३. अधिकाधिक मोठ्या बॅटरीचा आग्रह दुचाकी महाग व जड करतो. खोपोली व लोणावळा येथे खात्रीची, सर्व बनावटींच्या वाहनांना चालणारी आणि पावसाळ्यातही सुरक्षित अशी चार्जिंगची सोय झाल्यास आजची मध्यम बॅटरीही पनवेल–पुणे प्रवासास पुरेशी आहे.

४. अशी सोय द्रुतगती मार्गावर नव्हे, तर दुचाकींना खुल्या असलेल्या जुन्या महामार्गावर होणे आवश्यक आहे. चारचाकीसाठी आखलेले धोरण दुचाकीस आपोआप लागू पडत नाही.

घाटाच्या पायथ्याशी तलाव बांधताना कोणाचा बैल किती दमदार आहे, याची चौकशी झाली नव्हती. जो येईल त्याला पाणी मिळावे, एवढाच त्यामागील विचार होता. दीर्घ प्रवासाची जबाबदारी आज जवळजवळ सर्वस्वी ग्राहकाच्या बॅटरीवर टाकली गेली आहे. ती काही अंशी तरी पुन्हा रस्त्याने उचलणे, हीच काळाची गरज आहे.